‘निवाडा’च्या परवानगीबाबत

नवापूर
७ सप्टेंबर २०२५, रविवार

गिरधरभाई यांस,

योहान गावितचा नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलं तर तुम्ही ते उघडणारच नाही, अशी शंका होती. म्हणून पत्ता दुसऱ्याच्या हातून लिहून घेतला. एवढी चलाखी केली आहे, ती आधीच सांगून टाकतो.

बडोद्याचा पत्ता ब्राह्मणपुरीला जाऊन तुमच्या बहिणीकडून आणला. निर्मलाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “कोन, योहान का? नऊ वरीसमा तुले हाई वाट सापडनी नही का रे भाऊ?”

मी म्हटलं, “वाट ठाऊक होती. पाय उचलत नव्हते.”

“मंग आज कसा उचलनात?”

“काम आहे.”

“काम शे म्हनीसन उना. बरं शे, खरं तरी बोलना.” मग चहा दिला आणि पत्ता दिला. मुलाकडे, हेमकांतकडे, तुमचं ठीक चाललं आहे, सकाळी नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत तुम्हीच सोडता, हेही सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

काम असं आहे. आमच्याकडे योगिता वळवी नावाची शाळेतली बाई आहे. सत्तावीस वर्षांची असेल. दोन वर्षांपासून तिने इथल्या पोरापोरींचं नाट्यमंडळ उभं केलं आहे. नोव्हेंबरात नंदुरबारला नाट्यस्पर्धा आहे आणि तिला तुमचा ‘निवाडा’ करायचा आहे. प्रवेशअर्जासोबत लेखकाचं परवानगीपत्र लागतं. १० ऑक्टोबर ही शेवटची तारीख.

तुम्ही २००८ साली मला दिलेलं अधिकारपत्र अजून कपाटात आहे. ते तुम्ही कधी रद्द केलं नाही. तुमच्या वतीने सही करायला मला कोणी अडवू शकत नाही, पण मी ती करणार नाही. नऊ वर्षांत जळगावहून, नाशिकहून, सुरतेच्या मराठी मंडळाकडून ‘निवाडा’साठी पत्रं आली. सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, की लेखकाची सध्या परवानगी नाही. ‘सध्या’ हा शब्द मी माझ्या मनाने घातला.

म्हसावदच्या बाजारात तुमचं नाटक तुम्हाला न विचारता झालं, ते कसं घडलं हे तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून एकदा लिहितो. बाज्याची सोंगाड्या पार्टी तुमचं नाटक मागायला माझ्या घरी आली होती. त्यांच्यात पाठांतर नसतं. गोष्ट घ्यायची, बाईचं सोंगही पुरुषाने घ्यायचं आणि जागच्या जागी बोलत जायचं. मी बाज्याला म्हटलं, गिरधरभाईंना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. घरात रेंज नव्हती, म्हणून तुम्हाला फोन करायला रस्त्यावर गेलो. फोन लागला नाही. परत आलो तोवर पार्टी निघून गेली होती. बाज्याने सोबत नारळ आणला होता. त्यांच्यात परवानगीचा कागद नसतो. आणलेला नारळ यजमानाने फोडला की शब्द दिला. माझ्या आईला, रमीबाईला, हे काय ठाऊक? आमच्या घरात नारळ म्हणजे पाहुण्याने आणलेला खाऊ. तिने तो फोडला आणि सगळ्यांच्या हातावर तुकडे ठेवले. मला हे नंतर कळलं.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तुम्हाला कळलं नसेल.

अर्ज सोबत ठेवला आहे. उत्तराची वाट बघतो.

आपला,
योहान

नवापूर
२१ सप्टेंबर २०२५

गिरधरभाई,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. नकार आला असता तर योगिताला सांगून मोकळा झालो असतो. उत्तर नाही याचा अर्थ तुम्ही विचार करता आहात, असा मी धरतो. लेखकांचा कागद सांभाळायचा धंदा करणाऱ्याला इतकी आशा ठेवावीच लागते.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी माझं कसं चाललं आहे ते लिहितो.

बरं चाललं आहे. तुमच्यासह पाच लेखक आहेत. दोंडाईच्याच्या एक बाई आहेत, फक्त बालनाट्यं लिहितात आणि प्रत्येक नाटकात एक बोलणारी शेळी असतेच. एक गृहस्थ चार वर्षं तिसऱ्या अंकावर अडले आहेत. मी दर दिवाळीला फोन करून नुसती तब्येत विचारतो. नाटकाचं विचारलं की त्यांचं पोट बिघडतं. टायपिंगचं दुकान कधीच बंद केलं, आता सगळं कॉम्प्युटरवर. तरी जुन्या संहिता कपाटात कापडात बांधून ठेवल्या आहेत. वाळवी लागू नये म्हणून प्रिस्किला त्यांत निंबाचा पाला घालते. म्हणते, “माझ्या साड्यांना नाही, तेवढं तुझ्या लेखकांना जपते मी.”

तुम्ही पहिल्यांदा आलात ते आठवतं का? मी तेव्हा तीस रुपये रोजावर लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करायचो. तुम्ही खताच्या पिशवीतून ऐंशी कागद काढून टेबलावर ठेवलेत आणि म्हणालात, “चुका दिसल्या तर दुरुस्त करू नकोस. त्या पात्रांच्या आहेत.” माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. लिहिणारा माणूस मी तोवर बघितलाच नव्हता. त्या वाक्याने मला माझा धंदा शिकवला. पुढे तुमच्या नाटकासाठी लोकांची पत्रं यायला लागली आणि तुम्ही एकाचंही उत्तर देईनात. तुमच्या वतीने मीच उत्तरं लिहायला लागलो, तो आजवर लिहितो आहे.

दारावर पाटी लावली आहे, ‘नाट्यलेखकांचे प्रतिनिधी’. पाटी वाचून मागच्या आठवड्यात रनाळ्याचा दोधू नावाचा एक माणूस आत आला. म्हणाला, “तुम्ही एजंट शेतस ना? मन्हं गाडीनं लायसन काढी द्या.”

मी म्हटलं, “मी फक्त नाटकाची लायसनं काढतो.”

“नाटकले बी लायसन लागस?”

“लागतं.”

जरा विचार करून म्हणाला, “मंग तुमनं बरं शे. नाटक कोनले ठोकत नही.”

तो गेल्यावर मी खूप हसलो. मग म्हसावद आठवलं आणि हसू थांबलं.

गिरधरभाई, तुम्ही त्या दिवशी बाजारपटांगणाच्या मागच्या कडेला मोटरसायकलजवळ उभे होतात. दुपारचे चार वाजले असतील. शेवटचा प्रसंग चालू होता. ज्याच्याकडे आता कोणीच निवाड्याला येत नाही असा म्हातारा, म्हणजे तुमचे वडील, बापूजी, खाटेवर बसला होता. किती तरी दिवसांनी एक तक्रारदार आला होता. शेजाऱ्याच्या निंबाची सावली माझ्या वाळत घातलेल्या मिरचीवर पडते, अशी त्याची तक्रार. ती ऐकता ऐकता म्हातारा बसल्या जागी मरतो. तक्रारदार बाज्या झाला होता, लुगडं नेसून. मेलेल्या माणसासमोर तो हात नाचवत म्हणाला, “बापूजी, आते तरी निकाल द्या ना!” पटांगण हसलं. तुम्ही गाडीला लाथ मारलीत आणि निघालात. मला धूळ दिसली फक्त.

पुढचं तुम्ही ऐकलं नाहीत. ते हसणं आपोआप थांबलं. बाज्या तिथेच हात पसरून बसून राहिला, त्याला पुढचं सुचेना. वीरसिंगची ढोलकी थांबली. पुढे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बाजारात वांगी विकणाऱ्यानेसुद्धा ओरडणं बंद केलं. नऊ वर्षं मला हे तुम्हाला सांगायचं होतं.

योगिता तेव्हा कॉलेजात होती आणि त्या गर्दीत होती. तिला ‘निवाडा’ त्या ओळीसकट करायचा आहे. मला म्हणाली, “काका, ती ओळ नसेल तर मी हे नाटक कशाला करू?”

मी म्हटलं, “ती ओळ नाटकात नाही.”

“मग घातली कोणी?”

“बाज्याने.”

“मग बाज्याकाकांची परवानगी घेऊ. ते नारळात देतील.”

पोरगी बोलायला अशी आहे.

मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. नारळाचं मला नंतर कळलं असं मी लिहिलं होतं. नंतर म्हणजे रस्त्यावरून घरात परत आलो तेव्हाच. आईने माझ्याही हातावर तुकडा ठेवला. कसला म्हणून विचारलं, तिने सांगितलं. मी तो खाल्ला. म्हसावदच्या बाजाराला तेव्हा अठरा दिवस होते. बाज्याच्या गावाला जाऊन ‘नको’ म्हणायला एक दिवस पुरला असता.

अर्जाची आणखी एक प्रत जोडली आहे.

आपला,
योहान

नवापूर
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

गिरधरभाई,

उपासना आटोपून आलो आणि जेवायच्या आधी लिहायला बसलो. जेवल्यावर माणूस स्वतःला लवकर माफ करतो.

चर्चमध्ये आई खिडकीजवळच्या बाकावर बसायची. आज तिथे जागा रिकामी होती म्हणून मी बसलो. प्रार्थनेत मन लागेना. एकच विचार येत होता. नऊ वर्षं मी तुमच्यासमोर तिला पुढे करून उभा आहे. ती बिचारी लिहिता-वाचता न येणारी, आल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ न देणारी. तिने एक नारळ फोडला. आणि मागच्या पत्रात तर मी बाज्यालाही पुढे केलं. तो तुमच्याकडे येऊन बाजू मांडणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे केलं.

ती ओळ बाज्याची नाही. माझी आहे.

त्या अठरा दिवसांत मी बाज्याच्या गावाला गेलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी खरंच ‘नको’ म्हणायला गेलो होतो. अंगणात सराव चालला होता. वीरसिंग ढोलकी आवळत होता, बाज्या तुमच्या बापूजींची गोष्ट बोलून बघत होता आणि ती गोष्ट त्या अंगणात चालायला लागली होती. मी ती तोवर फक्त कागदावर बघितली होती. मी बसलो. ‘नको’ म्हणायचं राहून गेलं.

तिसऱ्या वेळी बाज्या शेवटाला अडला होता. मला म्हणाला, “योहान, मुडदाना फुडे मी काय बोलू? आमना सोंगमा मुडदा बी उठीसन नाचस. हाऊ तर नुसता बसेल शे.”

तुमच्या संहितेत तिथे काय आहे, ते मला पाठ होतं. ते त्याला सांगायला हवं होतं. नाही तर गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, “म्हण ना, बापूजी, आते तरी निकाल द्या ना.”

बाज्याने मांडीवर थाप मारली. “अरे, लेखक तर तू शे रे!”

त्या संध्याकाळी मी सायकलवर घरी आलो तो गाणं म्हणत आलो. प्रिस्किलाने विचारलं, काय झालं? मी काही सांगितलं नाही. ती नेहमी थट्टेने म्हणायची, कपाटभर शब्द आहेत तुझ्याकडे, त्यात तुझा एक नाही. त्या दिवशी माझा एक झाला होता. गिरधरभाई, तेवढंच कारण आहे. याहून मोठं काही शोधू नका, मी शोधून बघितलं आहे.

लेखकाचा शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून मी पोट भरतो. दुसऱ्या मंडळांना मी कडक पत्रं लिहिली आहेत. एकाने ‘पाणी’च्या जागी ‘चहा’ केला, म्हणून पुढचा प्रयोग थांबवला होता. आणि तुमच्या नाटकात, तुमच्या वडिलांच्या मरणात मी स्वतःची ओळ घातली. ती लोकांना आवडली याचा मला आनंद झाला. तुम्ही निघून गेलात तेव्हाही तो आनंद पूर्ण गेला नव्हता. हे लिहायला जड जातं आहे, पण अर्धवट लिहून उपयोग नाही.

काल योगिताला सांगितलं. तिने हातातला खडू ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे मी नऊ वर्षं तुमच्या ओळीवर जीव टाकला?”

“हो.”

“मग त्या ओळीची परवानगी तुम्हीच द्या.”

“नाटकाबाहेर ओळीला काही अर्थ नाही. आणि नाटक त्यांचं आहे.”

“त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर तू शेळीचं नाटक कर. त्याची परवानगी मी आत्ता देतो.”

ती हसली नाही. तिने दोन महिने या नाटकावर घातले आहेत. पोरं कामावरून, कॉलेजातून येऊन सराव करतात. ते सगळं तुमच्या एका सहीवर आहे, आणि ती सही मिळायच्या आड मी बसलो आहे. म्हणून हे लिहिलं. खोटं सांगून मिळालेली परवानगी घेऊन मी तिच्यापुढे जाऊ शकलो नसतो.

परवानगी द्या असं मी आता म्हणत नाही. अर्जात ‘संहितेत बदल मान्य / अमान्य’ असा रकाना आहे. ‘प्रतिनिधी’ म्हणून माझं नाव छापलेलं आहे. खोडायचं असेल तर खोडा. तारीख जवळ आली आहे, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो; योगिताचा पत्ता मागे लिहिला आहे. मला मध्ये न घेता तिला सरळ पाठवलंत तरी चालेल.

योहान

नवापूर
९ ऑक्टोबर २०२५

गिरधरभाई,

आज दुपारी योगिताच्या नावाने कुरिअर आलं. ती शाळेतून थेट माझ्याकडे धावत आली, पाकीट न फोडता. म्हणाली, “तुम्ही फोडा, माझे हात ओले आहेत.” ओले नव्हते.

सही बघितली. बदलाच्या रकान्यात ‘अमान्य’. खाली तुमच्या अक्षरात: ‘लिहिल्याप्रमाणे करावे. एकही शब्द जास्त नको. कंसातल्या सूचनाही पाळाव्यात.’ माझ्यासाठी काही नाही, ते बरोबरच आहे. ‘प्रतिनिधी’समोरचं माझं नाव तुम्ही खोडलेलं नाही. ते राहून गेलं की ठेवलं, हे मी विचारणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः अर्ज नंदुरबारला देऊन येतो.

प्रतिनिधी या नात्याने कळवतो, की ती ओळ काढली आहे. तक्रारदाराचं काम करणारा अब्राहाम फार नाराज आहे. म्हणाला, “सर, टाळ्यांची एवढी एकच जागा होती. आता मी तिथे काय करू?”

मी संहिता उघडून वाचून दाखवलं. (तो बोलायचा थांबतो. वहाणा काढून हातात घेतो. जातो.)

“एवढंच?”

“एवढंच लिहिलं आहे.”

“वहाणा हातात कशाला?”

योगिता म्हणाली, “तू आधी काढून तर बघ.” त्याच्या पायांत लेसचे बूट होते. ते सोडता सोडता सगळे हसायला लागले. उद्यापासून वहाणा घालून ये, असं त्याला बजावलं आहे.

मी ती सूचना इतक्या वर्षांत किती वेळा टाइप केली असेल. बघितली कधीच नव्हती. म्हसावदला बाज्याने ती केलीच नाही, कारण तिथे त्याला माझी ओळ मिळाली होती.

आपला,
योहान

नवापूर
३० नोव्हेंबर २०२५, रविवार

गिरधरभाई,

काल तुमचं पोस्टकार्ड आलं. नऊ वर्षांनी तुमच्या अक्षरात माझं नाव बघितलं. प्रिस्किलाला वाचून दाखवायला गेलो तर ती म्हणाली, “एका ओळीचं तर आहे, वाचायचं काय त्यात?” तरी तिने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

योगिताने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, की शेवटी लोक उभे राहिले. तुम्ही कार्डात एकच विचारलं आहे, ‘पहिलं कोण उठलं?’

क्रमाने सांगतो.

प्रयोग १९ तारखेला, बुधवारी दुपारच्या सत्रात होता. नाट्यगृह पाऊण भरलं होतं. निर्मलाबाई दोन जावांना घेऊन आल्या होत्या आणि मला बघून मोठ्याने म्हणाल्या, “आज काम नही शे, नाटक देखाले उनूत.” बाज्याही आला होता. त्याचे गुडघे गेले आहेत, वीरसिंगच्या खांद्याला धरून चालतो. मला न विचारता तिसऱ्या रांगेत बसला आणि मला शेजारी ओढलं. म्हणाला, “मन्ही जागा उनी की सांग मले.” ओळ काढल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. धीर झाला नाही.

पहिला अंक जरा अडखळला. दुसऱ्यात पोरं सावरली. शेवटच्या प्रसंगात अब्राहाम मिरच्यांबद्दल बोलत सुटला आणि लोक हसत होते. तुमच्या लिहिण्यालाच हसत होते, हे मी मुद्दाम सांगतो. सावली किती वाजता कुठल्या मिरचीवर येते, ते तो बोटांवर मोजून दाखवतो, तिथे तर फार. खाटेवर इमॅन्युएल होता. त्याची मान कधी कलली, ते मलाही कळलं नाही, आणि मला तर पाठ आहे.

अब्राहाम थांबला.

मी रंगमंचाकडे बघत नव्हतो. बाज्याकडे बघत होतो. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, हा आता ती ओळ मोठ्याने म्हणणार. अब्राहाम वाकला. एक वहाण काढली, मग दुसरी. दोन्ही छातीशी धरून तो खाटेच्या कडेकडेने निघाला. एक फळी वाजली. त्यानंतर काहीच वाजलं नाही.

बाज्याने तोंड मिटलं. पायांनी खुर्चीखाली चाचपडला, स्वतःच्या वहाणा उचलल्या, वीरसिंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभा राहिला. घरात माणूस गेलेला असताना आपण अंगणात जसे उभे राहतो, तसा. मग वीरसिंग उठला. मागे निर्मलाबाई उठल्या, त्यांच्या जावा उठल्या. मग रांगाच्या रांगा. कोणी कोणाला सांगितलं नाही. टाळी वाजली नाही. परीक्षकांना वाटलं, लोक नाटक सोडून निघाले. त्यांतल्या एकाने मागे वळून हाताने “बसा, बसा” केलं, आणि मग तोही हळूच उठला. पडदेवाला दोरी धरून उभाच राहिला, त्याने पडदा टाकला नाही. त्यामुळे इमॅन्युएलला फार वेळ मेलेलं राहावं लागलं. नंतर म्हणाला, नाकावर माशी होती, पण इतके लोक उभे असताना हलायचं कसं?

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिला बाज्या उठला.

बाहेर चहाच्या गाडीवर मी त्याला म्हटलं, “बाज्यादादा, आपली ओळ मी काढली. आधी सांगायला हवं होतं.”

त्याने बशीतला चहा संपवला. म्हणाला, “तुन्ही ओळ चांगली व्हती. लोके हासनात, रडनात. पन तुन्ही ओळवर तो मानूस पुन्हा जित्ता व्हई जाये. मी बी त्यानी वाट देखत बसू, का आते बोली, आते बोली. या लिखनारानी त्याले मरू दिधं.” मग माझ्याकडे बघून हसला. “तू लिखू नको रे भाऊ. तू कागद संभाळ. ते तुले चांगलं जमस.”

गिरधरभाई, मला याचं वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं. नवापूरपर्यंत गाडीत खिडकीशी बसून आलो आणि मन शांत होतं. आईच्या नावाने प्रार्थना केली.

स्पर्धेत नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिल्यासाठी योगिता दोन दिवस भांडत होती, आता शांत आहे. मंडळांची चार पत्रं आली आहेत. तीन ‘निवाडा’साठी आणि एक शेळीसाठी. तुमची तिन्ही तुमच्याकडे पाठवतो आहे. हो की नाही ते तुम्ही ठरवा, उत्तरं मी लिहितो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. मी सगळ्यात शेवटी उठलो. सगळे उभे राहिलेले मला आधी बघून घ्यायचे होते. लेखक हजर नसला की ते बघणं प्रतिनिधीचं काम.

तुमचा,
योहान